आठ ओहमचा जावई

लातूरला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचो, ते मास्तर माणसाला नावानं ओळखायचे नाहीत, आकड्यानं ओळखायचे. दूधवाला दोनाचा. शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, शंभराच्या पुढचे. आमचे हे करोडगिरीच्या कचेरीत, म्हणजे जकातीवर, कारकून होते. त्यांना मास्तरांनी पहिल्याच दिवशी सहा देऊन टाकले. मी संसाराला नवी. मला वाटलं, मार्क देतायत. म्हणून मी हौसेनं विचारलं, "अन् मी हो, मास्तर?" त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बत्तीस. तुमच्या पलीकडं काही जाईल असं वाटत न्हाई."

मी घरात आले आणि यांना म्हणाले, घर बदला.

घर काही बदललं नाही, कारण आडाला पाणी गोडं होतं आणि दुसरीकडं कुठं तसं नव्हतं. हळूहळू कळलं की ते मार्क नव्हते, ओहम होते. निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दूत. मास्तर सायन्स शिकवायचे आणि विजेच्या वाटेत जी अडवणूक असते तिला मुजाहमत म्हणायचे. ती मोजायचं माप म्हणजे ओहम. ज्याच्यातून वीज सरळ निघून जाते तो कमी ओहमचा, जो अडून बसतो तो जास्तीचा. सगळी दुनिया त्यांनी अशी मोजून ठेवलेली. मांजरालासुद्धा आकडा होता.

मला विज्ञान कोण शिकवणार? पण मास्तरांच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसलं की सुटका नव्हती. "बाई, माळवदावर हौद हाय असं समजा. हौद जितका उंच तितका पाण्याला दाब. तो व्होल्ट. खाली तोटी हाय, ती पाण्याला अडवते. तो ओहम. अन् त्या धारेनं जे चाक फिरंल ती ताकद. आता दाबाला दाबानंच गुणा अन् अडवणुकीनं भागा. आली ताकद."

"दाबाला दाबानं कशाला गुणायचं?" मी म्हणाले. माझा तांदूळ तसाच.

"दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट येतं. बरोबर? अन् आलेल्या थेंबाथेंबाचा जोरबी दुप्पट होतो. दुपटीची दुप्पट किती?"

"चार."

"सदर मुदर्रिसला हे अजून कळलं न्हाई," मास्तर म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी माझे बत्तीसाचे चोवीस झाले.

हा सगळा खटाटोप एका पेटीपायी. लढाईचे दिवस, बाजारात सुई मिळायची मारामार, त्या दिवसांत या माणसानं हैदराबादेहून एकेक तुकडा आणून आवाज मोठा करायचं मशीन स्वतःच्या हातानं बनवलं होतं. लोखंडी पेटी, आत काचेचे दिवे, मोटारीच्या ब्याटरीवर चालायचं. त्याला ते 'सेट' म्हणायचे. सेटला दोन भोंगे, माळवदावर बांबूला बांधलेले. एकेक भोंगा सोळा ओहमचा. दोन्ही शेजारी शेजारी जोडले की आठ व्हायचे. मी म्हणाले, दोन सोळा बत्तीस व्हायला पाहिजेत. तर म्हणाले, "खोलीला एक दार असलं तर गर्दी अडते. दोन दारं केली तर अडवणूक वाढती का निम्मी होती?"  सेट त्यांनी बरोबर आठासाठी बांधलेला. आठाच्या खाली गेलं तर सेटला धाप लागणार, वर गेलं तर ताकद वाया. आठ म्हणजे आठ. देवाला जितक्या निष्ठेनं लोक बेल वाहतात तितक्या निष्ठेनं हा माणूस आठ वाहायचा.

लोक मात्र येऊन म्हणायचे, मास्तर, अजून एक भोंगा लावा की, आवाज वाढंल. मग मास्तर त्यांना हौदापासून सांगायला सुरुवात करायचे. निम्मी गिऱ्हाइकं हौदातच बुडायची आणि तंबूच्या सिनेमावाल्याकडं जायची. तो बापडा पाहिजे तेवढे भोंगे एकाच तारेला लटकवायचा. जत्रेत एकदा त्याच्या मशीनमधून धूर निघाला, तेव्हा मास्तर मुद्दाम जाऊन शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तीन ओहम बी भरत नसतील." लोक पाणी मारत होते आणि हे हिशेब करत होते.

चुकीचं बोलणं ऐकलं की मास्तरांना गप बसता यायचं नाही, हा त्यांचा खरा रोग. एकदा कचेरीचा पेशकार, म्हणजे साहेबाचा कारकून, सरकारी जलशाला त्यांचा सेट घेऊन गेला आणि साहेबापुढं म्हणाला, "मास्टर साब, आवाज बढाव जरा." मास्तर म्हणाले, "हुजूर, अब बढता नई, फटता." पेशकारानं स्वतःच चक्री फिरवली. भोंग्यातून रेडा ओरडल्यासारखा आवाज आला. तिथंच गप बसावं की नाही? मास्तरांनी माईक हातात घेतला आणि भर मैदानात, साहेबाच्या देखत, दाबाला दाबानं का गुणायचं ते उर्दूतून समजावून सांगितलं. महिनाभर लातुरात दुसरा विषय नव्हता. पेशकार दिसला की पोरं म्हणायची, बढता नई, फटता.

घरात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची लेक गोदू. बायको गोदू लहान असतानाच गेली होती. गोदू बोलायची फार कमी. बापानं एवढं बोलून ठेवल्यावर तिच्या वाट्याला शब्द उरले नसावेत. तिचं एक काम मात्र ठरलेलं. दर रविवारी सकाळी मास्तर सेट लावायचे आणि गोदू चालत चालत पार रेणापूरच्या रस्त्याला, नाक्याजवळच्या पिंपळापाशी जाऊन उभी राहायची. माळवदावरून तो पिंपळ दिसायचा. मास्तर माईकवर म्हणायचे, "गोदू, ऐकू येतंय का?" बाकी कुणी हॅलो म्हणो नाहीतर काही म्हणो, मास्तरांचं वाक्य हेच. स्वच्छ ऐकू आलं की गोदू एक हात वर करायची. आवाज फाटत असला की दोन्ही हात. ऐकूच आलं नाही तर खाली बसायची. मास्तरांचा सेटवर जितका विश्वास नव्हता तितका या पोरीच्या कानांवर होता. सगळा गाव रविवारी त्या आवाजानंच उठायचा आणि कुणी ना कुणी आपल्या अंगणातून ओरडायचं, "येतंय हो मास्तर, येतंय."

गोदूच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मास्तरांनी पोरांनाही ओहमच लावले. एक स्थळ आलं औसा बाजूचं. मुलगा गोरापान, शेतीवाडी चांगली. मास्तर त्याला म्हणाले, "यंदा आमच्याकडं उन्हाळ्यात थंडी लई पडली." मुलगा म्हणाला, "हाव, पडली असंल." मास्तरांनी पानसुपारी दिली आणि वाटेला लावला. मी विचारलं, काय झालं? "मुजाहमत न्हाईच त्याच्यात. कशालाबी हाव म्हणतो. असा जोडला तर माझी पोरगी जळून जाईल." दुसरा आला, तो प्रत्येक वाक्याला "तसं नसतं" म्हणायचा. मास्तर म्हणाले, "हा लाखाच्या घरात. याच्यापुढं पोरगी जन्मभर बोलली तरी पलीकडं काही जायचं न्हाई."

अशानं पोरगी घरातच राहायची. मला राहवेना. माझा धाकटा भाऊ देगलूरला मास्तर होता, सुट्टीत माहेरी रेणापूरला आला होता. मी त्याला बोलावून घेतलं, काही न सांगता मास्तरांच्या पुढ्यात नेऊन बसवलं. चहा आला. मास्तर म्हणाले, "आमच्यात चहात मीठ घालतात." माझा भाऊ कपाकडं बघून म्हणाला, "तुमच्यात घालत असतील. मला साखर द्या." मग एक घोट घेऊन म्हणाला, "मिठाचाबी द्या एक, बघू कसा लागतो."

मास्तर माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाई, आठ."

गोदूला मी आडावर गाठून विचारलं. ती पोहरा ओढत होती. म्हणाली, "वैनी, मला पाहिजेत हे." एवढंच. तिनं एवढं बोलणं म्हणजे दुसरीनं गावजेवण घालण्यासारखं होतं. मी त्याच दिवशी आईला रेणापूरला निरोप धाडला.

आता माझी आई. आईला आकडा द्यायचं मास्तरांनीसुद्धा टाळलं होतं, यावरून ओळखा. माझ्या चुलतीच्या पोराच्या लग्नात तीन भोंगे वाजले होते. आईच्या मनात ते सलत होतं, पण लग्न ठरेपर्यंत बाई एक शब्द बोलली नाही. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड रेणापूरहून गाड्यांनी आलं, जानवसघरी उतरलं. मांडवात हळद झाली. गोरज मुहूर्त. आणि दुपार उलटल्यावर आईनं माळवदाकडं बघितलं आणि मला म्हणाली, "दोनच?"

"काय दोन?"

"भोंगे. माझ्या जावंला तीन, अन् मला दोन? व्याह्याच्या घरचं मशीन अन् दोन? चार भोंगे वाजल्याशिवाय नवरदेव जानवसघरातून हलणार न्हाई. सांग तुझ्या मास्तरला."

वरमाय रुसली. आमच्याकडं वरमायचं रुसणं म्हणजे लग्नातला एक विधीच. कुणी पैठणीसाठी रुसतं, कुणी मानाच्या ताटासाठी. समजूत काढायची, मान द्यायचा, की झालं. पण भोंग्यासाठी रुसलेली वरमाय माझीच. मामा तर सिनेमावाल्याकडून दोन भोंगे मागून घेऊनसुद्धा आले.

मी मांडवात गेले. मास्तर धोतराचा सोगा खोचून तार गुंडाळत होते. मी सांगितलं.

"न्हाई," मास्तर म्हणाले. "हे नवेबी सोळाचेच. चार भोंगे शेजारी शेजारी जोडले तर चार ओहम होतात. सेट मंगलाष्टकातच जळंल."

"मग दुसऱ्या कशा तऱ्हेनं जोडा."

"दुसरी तऱ्हा हाय. दारामागं दार. दोन-दोनाची जोडी करायची अन् त्या जोड्या शेजारी ठेवायच्या. मग सोळा होतात. दाब तोच, अडवणूक दुप्पट, ताकद निम्मी. म्हणजे तुमच्या आईला चार भोंगे दिसणार अन् दोनाच्या निम्मी ताकद मिळणार. ही फसवणूक हाय, बाई. मी व्याह्यांना फसवून पोरगी देणार न्हाई."

मी परत जानवसघरी. आईला म्हणाले, चार लावले तर आवाज कमी होतो. आई म्हणाली, "मला येडी समजून राहिलीस का? एका बैलापेक्षा दोन बैल जास्त वढतात का कमी?" मी परत मांडवात. मास्तर म्हणाले, बैलाचा अन् याचा संबंध न्हाई. मी परत जानवसघरी. त्या गल्लीत मी एवढ्या चकरा मारल्या की लोकांना वाटलं, करवली हरवलीय. शेवटी माझं टाळकं फिरलं. मी आईला म्हणाले, तुझ्या पोराचं लग्न हाय का भोंग्यांचं? आणि मास्तरांना म्हणाले, तुम्हाला जावई पाहिजे का आठ पाहिजेत? दोघांनीही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मीच कुठली तरी परकी.

सूर्य कलायला लागला. भटजी घड्याळ बघून बघून थकले. रुसव्यानं मोडलेली लग्नं मी बघितलेली आहेत. एकदा वऱ्हाडानं गाड्या जुंपल्या की मग कुणाचं काही चालत नाही, आणि अशा पोरीला पुन्हा स्थळ येत नाही. 

तेवढ्यात गोदू बाहेर आली. हळदीच्या पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेल्या, नवरीनं येऊ नये अशा ठिकाणी. बापापुढं येऊन उभी राहिली.

"अण्णा, निम्मी ताकद झाली तर कानाला किती कमी वाटतं?"

मास्तर म्हणाले, "निम्मं न्हाई वाटत. थोडंच कमी वाटतं. कान कंजूष असतो."

"कुणाला कळंल?"

"मला कळंल," ते म्हणाले. "अन् तुला कळंल."

"मग आपण दोघं कुणाला सांगायचं न्हाई," गोदू म्हणाली आणि आत निघून गेली.

मास्तरांनी तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकलं. मग धोतर सावरून शिडी चढले. जन्मभर जी गोष्ट करणार नाही म्हणून गिऱ्हाइकं परत पाठवली, ती त्यांनी भर मांडवात केली. चार भोंगे चार दिशांना बांधले, दारामागं दार. आई जानवसघराच्या ओसरीवरून मोजत होती. चौथा चढला तेव्हा उठली आणि म्हणाली, "चला रं, मुहूर्त टळून राहिला." जसं काही आम्हीच उशीर केला होता.

लग्न लागलं. मंगलाष्टकं चार भोंग्यांतून वाजली. मला तर काही कमी वाटलं नाही. पण मास्तरांचं तोंड असं झालेलं, जसं कुणी त्यांच्याच हातानं गणित चुकवून घेतलंय.

खरी परीक्षा पंगतीला होती. विहिणीची पंगत, आई मानाच्या पाटावर, समोर रांगोळी. मास्तर स्वतः वाढायला फिरत होते, हातात कढीचं भांडं. आई पोळीचा घास मोडत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघा मास्तर, चार केले तर कसा भरून आला आवाज. तुम्ही दोनावर अडून बसला व्हता. शिकलेल्या माणसालाबी कधी कधी सांगावं लागतं."

पंगत हसली. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. तोंड उघडलं. "विहीणबाई," ते म्हणाले, "माळवदावर एक हौद हाय असं समजा."

मेले, मी मनात म्हणाले.

समोरच्या रांगेत गोदू नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती. तिनं मान वर केली. बापाकडं बघितलं. आणि सगळ्या पंगतीच्या देखत, हातातल्या हिरव्या चुड्यासकट, हळूच दोन्ही हात वर केले. फाटतंय, अण्णा. बायकांना वाटलं, नवरीला आळस आला. माझ्या भावाला वाटलं, तिला काहीतरी चावलं.

मास्तरांनी तोंड मिटलं. गिळलं. पेशकाराला, साहेबाला, सदर मुदर्रिसला न घाबरलेला माणूस.

"हौदाचं काय?" आईनं विचारलं.

"हौदाला पाणी लई हाय," मास्तर म्हणाले. "कढी वाढू का?"

मी त्या माणसाचे फार हट्ट बघितले, त्यांवर फार चिडले, हसले. पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लोक लेकीला सोनंनाणं देतात. या माणसानं आपली चूक नसताना ऐकून घेतलं, आणि ते त्याला सोन्यापेक्षा जड होतं.

सकाळी पाठवणी. मास्तर रडले नाहीत. गाडीपाशी आले, गोदूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या भावाला म्हणाले, "आठावरच ऱ्हावा." तो म्हणाला, "जमंल तेवढं ऱ्हातो." मास्तरांना ते उत्तर आवडलं. मग कसलीतरी घाई असल्यासारखे ते लगेच आत निघून गेले. आई म्हणाली, "बघा, लेक गाडीत बसली अन् बाप पाठ फिरवून गेला. माणूस लई कोरडा." मीही पाठराखीण म्हणून त्याच गाडीत, गोदूच्या शेजारी बसलेले. मलाही ते बरं वाटलं नाही.

गाड्या नाक्यापर्यंत आल्या. पिंपळाखालून बैल वळत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. एवढा स्वच्छ की बैलांनी कान टवकारले.

"गोदू, ऐकू येतंय का?"

मी वळून बघितलं. लांब माळवद दिसत होतं. बांबूला दोनच भोंगे होते. दुसरे दोन सोडून खाली ठेवलेले, आणि उरलेल्या दोघांची तोंडं आमच्या रस्त्याकडं वळवलेली. म्हणून माणूस घाईनं आत गेला होता.

आईला एवढ्या लांबचं दिसायचं नाही. ती गाडीत सावरून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "ऐकून राहिलीस का? काल असा आवाज न्हवता. रातभर गरम झालं मशीन की सकाळी खरा आवाज लागतो. चार भोंगे ते चार भोंगे."

मी तोंड उघडलं होतं. गोदूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तसं मी ते मिटलं. मग ती चालत्या गाडीत दांडीला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पदर घसरतोय, सासू बघून राहिलीय, कशाची शुद्ध नाही. तिनं माळवदाकडं तोंड केलं आणि एक हात वर केला. एकच. पिंपळ मागं पडला, माळवद दिसेनासं झालं, तरी तिनं तो खाली घेतला नाही.